कमांड वर्षभरावर आली असताना कंपनी सोडावी का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी २९ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा. एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत चार वर्षं एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. लॉगबुकात २,३०० तास झालेत. कंपनीकडे पाच विमानं आहेत. ज्येष्ठता यादीत माझ्यापुढे सात जण. ऑपरेशन्सचे साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी तुझी कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, नक्की. फक्त नवी दोन विमानं येऊ देत. हे मी दीड वर्षं ऐकतोय. आता एका मोठ्या कंपनीची एअरबस ए-३२० साठी फर्स्ट ऑफिसर म्हणून ऑफर आली आहे. टाइप रेटिंगचा (त्या विमानासाठीच्या खास प्रशिक्षणाचा आणि परवान्याचा) खर्च कंपनी करणार, पण पाच वर्षांचा बॉण्ड आहे आणि यादीत मी अगदी तळाला जाणार. प्रशिक्षणाच्या वेळच्या कर्जातले ३१ लाख अजून फेडायचेत. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वडील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मित्र म्हणतात, कमांड घे आणि मग जा. धाकटा भाऊ बारावी सायन्सला आहे, त्यालाही पायलट व्हायचंय आणि त्यासाठी वडील गावाकडचा प्लॉट विकायला निघालेत. मी काय करू?

उत्तर:

आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. जा. पण या आठवड्यात राजीनामा देऊ नका. त्याआधी काही कामं उरकायची आहेत, आणि त्यातल्या एकाचं उत्तर उलटं आलं तर माझा सल्लाही उलटा होईल. ते कोणतं, हे पुढे लिहिलंय.

तुमचे वडील चुकीचं बोलत नाहीत. एसटीत त्यांनी उभी हयात काढली, तिथे ज्येष्ठता म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको. तुमच्या पत्नीला तर ते अधिकच ठाऊक असणार. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने आंतरजिल्हा बदली घेतली की नव्या जिल्ह्याच्या यादीत तो शेवटी जातो, मागची सेवा कितीही असो. विमान कंपन्यांत नेमकं हेच होतं. फरक एवढाच की जिल्हा परिषद बंद पडत नाही.

या यादीवर काय काय ठरतं ते घरच्यांसाठी सांगतो, कारण पगाराच्या आकड्यात ते दिसत नाही. डावी सीट कधी मिळणार, म्हणजे कॅप्टन कधी होणार, हे तास आणि उड्डाण चाचण्यांमधला रेकॉर्ड यांच्याइतकंच यादीतल्या क्रमावर असतं. मुंबई किंवा पुण्याचा बेस (ड्युटीचं मूळ ठिकाण) मागितला तर तो आधी कोणाला, दिवाळीची आणि गणपतीची रजा कोणाला, मोठं विमान आलं तर त्यावर पहिला नंबर कोणाचा, सगळं तिथून. आणि मंदी आली तर बहुतेक ठिकाणी कात्री खालून लागते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तर हा क्रमांकच माणसाचं सगळं आयुष्य ठरवतो. तिथला वैमानिक महिन्याचं वेळापत्रकही क्रमांकानुसार मागून घेतो आणि कंपनी बदलली की पंचावन्नाव्या वर्षीसुद्धा नव्याने रुजू झालेल्या पोराच्या मागे उभा राहतो. आपल्याकडे ते इतकं कडक नाही. इथे बाहेरून थेट कॅप्टन म्हणून घेतात, परदेशी कॅप्टनही तात्पुरत्या परवानगीवर आणतात. म्हणजे भारतात यादी महत्त्वाची आहे, पण तिच्या वरून उडी मारून येणारेही आहेत. तुमच्या निर्णयात हे ध्यानात ठेवायला हवं.

आता तुमचा आठवा नंबर. मी बरीच वर्षं क्रू प्लॅनिंगच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे असा आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाकडे जातो. यादी पुढे सरकायला तीनच कारणं असतात: नवं विमान येणं, वरचा कॅप्टन सोडून जाणं, किंवा कोणी निवृत्त होणं. छोट्या आणि तरुण कंपनीत निवृत्ती जवळजवळ नसतेच. कॅप्टन सोडून गेला तर त्याच्या जागी बाहेरून तयार कॅप्टन आणायचा की यादीतल्याला वर घ्यायचं, हे कंपनीची घाई ठरवते, आणि घाईत बहुतेक वेळा बाहेरूनच आणतात. उरलं विमान. दिवसभर छोटी छोटी उड्डाणं करणाऱ्या एका एटीआरला साधारण पाच ते सहा कॅप्टन लागतात. दोन विमानं आली तर दहा-बारा कमांड निघतील आणि तुम्ही त्यात आरामात बसाल. एकच आलं तर दोन-तीन नंबरांनी राहाल. एकही आलं नाही तर काहीच नाही. साहेब खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, त्यांनाही ती विमानं हवीच असतील. पण भाडेपट्ट्याच्या विमानाची तारीख साहेबांच्या हातात नसते, आणि दीड वर्षं पुढे सरकत आलेली तारीख आणखी दीड वर्ष सरकू शकते.

म्हणून पहिलं काम. साहेबांकडे शांतपणे जा आणि विचारा: माझं नाव कमांड कोर्सला कोणत्या बॅचमध्ये आहे, सिम्युलेटरचे स्लॉट बुक झालेत का, आणि हे मला मेलवर मिळेल का. येत्या तीन-चार महिन्यांतली तारीख आणि सिमचं बुकिंग लेखी हातात पडलं, तर सगळं सोडा आणि थांबा. वर म्हटलं ते उलटं उत्तर हेच. कमांडचे तास लॉगबुकात पडले की ते जन्मभर तुमचे, आणि पाचशे तास डाव्या सीटवर काढून तुम्ही त्याच मोठ्या कंपनीच्या दारात गेलात तर वेगळ्या भावाने विचारले जाल. मित्र जे सांगतायत ते इथवर खरं आहे. पण ‘बघू, होईल, काळजी करू नकोस’ असं उत्तर आलं, तर ती कमांड तुमच्या हातात नाही. वडिलांच्या म्हणीत जे हातचं आहे, ते अजून हातात आलेलंच नाही.

जाण्याचं दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. यादीतला नंबर कंपनीच्या बाहेर शून्य किमतीचा असतो, आणि आपल्या देशात कंपन्या बंद पडतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. मुंबईत अंधेरी ते पवई पट्ट्यात त्या वर्षी किती घरांचे हप्ते तटले, हे तिथल्या कोणालाही विचारा. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, आणि तिथे तर विमानांची इंजिनंच मिळत नव्हती. जेटमध्ये वीस वर्षांची ज्येष्ठता असलेले लोक होते. एका रात्रीत ती यादी नुसता कागद झाली. पण त्याच लोकांच्या खिशात जे उरलं त्याने त्यांना पुन्हा उभं केलं: लॉगबुकातले तास, विमानाचं टाइप रेटिंग, स्वच्छ रेकॉर्ड. जेटची बोइंग ७३७ विमानं स्पाइसजेटने घेतली तेव्हा त्यावरचे वैमानिकही मोठ्या संख्येने घेतले. गो फर्स्टचे लोक ए-३२० वर होते. तेच विमान इंडिगो आणि एअर इंडिया उडवत होत्या, त्यामुळे त्यांना सीट लवकर मिळाल्या.

तुम्ही आज ज्या विमानावर आहात ते गुणी विमान आहे. एटीआरवर हात जसा तयार होतो तसा फार कमी विमानांवर होतो. छोटी धावपट्टी, पावसाळ्यातले ढग, दिवसाला चार-सहा लँडिंग. पण एटीआर चालवणाऱ्या कंपन्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. उद्या काही वाईट घडलं तर जाणार कुठे? ए-३२० चं रेटिंग आणि त्यावरचे हजारभर तास लॉगबुकात असणं हाच भारतातल्या वैमानिकाचा सर्वांत मोठा विमा आहे असं मी मानतो. तुम्हाला जायला सांगतोय ते यासाठी. पगार वाढेल हे ओघाने आलंच, पण निव्वळ पगारासाठी जात असाल तर मी तुम्हाला थांबवलं असतं.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, असा गैरसमज मात्र घेऊन जाऊ नका. विलीनीकरण झालं की दोन याद्या एक कराव्या लागतात आणि त्यात कोणीतरी खाली जातंच. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, पण वैमानिकांच्या याद्यांचं भांडण पुढे कैक वर्षं मिटलं नाही. धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवलं. कारण काय, तर नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचं ठरलं आणि आपली कमांड लांबेल असं यांना वाटलं. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. तिथे लवादाने रुजू तारखेऐवजी वेगळ्या सूत्राने यादी लावली, आणि मंदीत घरी बसवलेले सोळा-सतरा वर्षांच्या सेवेचे लोक काही महिन्यांपूर्वी लागलेल्यांच्या खाली गेले. ते भांडण दहा वर्षं कोर्टात चाललं. आपल्याकडचं अगदी अलीकडचं उदाहरण विस्ताराचं. एप्रिल २०२४ मध्ये नव्या पगाररचनेवरून तिथले वैमानिक एकाच वेळी आजारी रजेवर गेले, उड्डाणं रद्द झाली, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. एवढं सगळं सांगतोय ते घाबरवायला नाही. ऑफर लेटरवरची रुजू तारीख मौल्यवान आहे, पण तिच्या भरवशावर मोठं कर्ज उभं करू नये, एवढंच त्यातून घ्या.

मग तळाला जाण्याचं काय? इथे तुमचं वय तुमच्या बाजूने आहे. व्यावसायिक वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत उडता येतं. म्हणजे तुमच्यापुढे छत्तीस वर्षं आहेत. एकोणतिसाव्या वर्षी तळाला जाणं आणि बेचाळिसाव्या वर्षी, डावी सीट आणि मुलांच्या शाळा सोडून तळाला जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनी बदलायचीच असेल तर ती पहिल्या पाच-सात वर्षांत बदलावी. नंतर प्रत्येक वर्ष ती बदली महाग करत जातं.

आणि तळ कायम तळ राहत नाही. कंपनी वाढत असेल तर तुमच्या खाली माणसं भराभर येतात. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकाच वेळी पाचशे विमानं मागवली, त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० मागवली होती, आणि जानेवारी २०२४ मध्ये आकासाने आणखी दीडशे. ही विमानं पुढची दहा वर्षं येत राहणार आहेत. अशा लाटेच्या सुरुवातीला यादीत नाव लागणं आणि दोन वर्षांनी लागणं यात शेकड्यांनी माणसांचा फरक पडतो. ‘कमांड घे आणि मग जा’ या सल्ल्याची किंमत मित्रांनी सांगितली नाही ती ही. तुम्ही विमानांची वाट बघत एटीआरवर थांबाल तेवढ्या काळात तिकडे दर महिन्याला एकेक बॅच तुमच्या पुढे बसत जाईल.

अर्थात मागवलेलं विमान म्हणजे आलेलं विमान नव्हे. बोइंगच्या डिलिव्हरी रखडल्या तेव्हा आकासात घेतलेले शेकडो वैमानिक महिनोन्महिने विमानाविना बसून होते. बसून राहिलेल्या वैमानिकाचे तास वाढत नाहीत, आणि पगाराचा मोठा हिस्सा तासांवर असतो. म्हणून ऑफर देणाऱ्या कंपनीला हा प्रश्न विचाराच: गेल्या दोन बॅचना टाइप रेटिंग संपल्यापासून लाइन रिलीज व्हायला, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या उड्डाणांवर जायला, किती दिवस लागले? मुलाखतीत विचारायला संकोच वाटत असेल तर त्या बॅचमधल्या एखाद्याला गाठा. एअरबस उडवणारा कोल्हापूर-सांगलीकडचा कोणी ना कोणी तुमच्या ओळखीत निघेल, आपल्या भागातली मुलं आता सगळीकडे आहेत.

एक गोष्ट तुमच्या बाजूने नव्याने घडली आहे. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मोठी मर्यादा आली. तेवढीच उड्डाणं करायची तर आता जास्त माणसं लागणार, हे गणित उघड होतं. त्याची तयारी कमी पडली की काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने इंडिगोच्या काउंटरवर पाहिलं. हजारो उड्डाणं रद्द झाली आणि नियामकाला काही काळ सवलत द्यावी लागली. पण थकलेल्या वैमानिकाला घरी झोपू देणारा नियम मागे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि तो टिकला तर अनुभवी वैमानिकांची गरज वाढतच राहील.

आता राजीनाम्याआधीची बाकीची कामं.

एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारा परवाना. त्यासाठीची दीड हजार तासांची अट तुम्ही केव्हाच ओलांडली आहे. पेपर सुटलेत का, ते पत्रात नाही. सुटले नसतील तर आधी ते. पण खरी अडचण पुढे असते. एटीपीएलसाठी लागणारे पी-वन अंडर सुपरव्हिजनचे (कॅप्टनच्या देखरेखीखाली कॅप्टनचं काम केल्याचे) तास पूर्ण आहेत का ते लॉगबुक उघडून मोजा. आज तुमच्या ट्रेनर कॅप्टनना तुमचा हात माहीत आहे, ते तुम्हाला ते तास देतील. नव्या विमानावर, नव्या माणसांत, पहिली दोन वर्षं ते तास मिळणं अवघड असतं. एटीपीएल हातात घेऊन गेलात तर तिकडे अपग्रेडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, वेळ आल्यावर कागदासाठी अडणार नाही. यासाठी रुजू तारीख महिना-दोन महिने पुढे मागावी लागली तरी मागा.

नोटीस. २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आणि कॅप्टनला वर्षाची, असा डीजीसीएचा नियम आहे. कमांड मिळाल्यावर निघायला दुप्पट वेळ लागतो, हेही मित्रांच्या हिशेबात नसावं. नव्या कंपनीचं सही-शिक्क्याचं ऑफर लेटर, त्यात रुजू तारीख आणि बॅच, हे हातात येईपर्यंत राजीनामा नाही. तोंडी निरोपावर तर मुळीच नाही. आणि नोटिशीचे सहा महिने मन लावून उडा. जुन्या कंपनीच्या ट्रेनिंग फाइलमधला शेवटचा शेराही पुढे वाचला जातो.

बॉण्ड. पाच वर्षं हा लांब काळ आहे, पण टाइप रेटिंगचा खर्च तुमच्या खिशातून नाही, म्हणून मी तो मान्य करायला सांगेन. मात्र बॉण्डची रक्कम दर वर्षी कमी होत जाते का, मेडिकलमध्ये अनफिट झालात तर ती माफ होते का, कंपनीनेच काम थांबवलं तर काय, आणि तारीख न टाकलेले चेक मागतायत का, हे एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. कोल्हापुरात कामगार कायद्याचे चांगले वकील आहेत, दोन-तीन हजार रुपये जातील. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ‘कर्ज तुमच्या नावावर काढा, आम्ही हप्ते भरू’. तसं असेल तर नको. कंपनी गेली तरी कर्ज तुमच्या नावावर राहतं.

अपग्रेडची अट. तुमचे २,३०० एटीआर तास ते पूर्ण धरतात, अर्धे धरतात की फक्त जेट विमानांवरचेच मोजतात, हे धोरण लेखी मागा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, मधेच बदलतंही. पूर्ण धरत असतील तर तुम्ही तळाला असूनही तुमच्या बॅचमधल्या दोनशे तासांच्या मुलांच्या कितीतरी आधी पात्र ठराल. कंपनी वाढत असताना चार-पाच वर्षांत डाव्या सीटवर गेलेले लोक मी पाहिलेत आणि वाढ थांबल्यावर दहा वर्षं उजव्या सीटवर राहिलेलेही. तुमच्या वाट्याला कोणता काळ येईल ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून घरात ‘पाच वर्षांत कॅप्टन’ असं कबूल करून ठेवू नका.

आणि पैसे. टाइप रेटिंग, सिम, बेस ट्रेनिंग, लाइन ट्रेनिंग मिळून सहा-आठ महिने तुम्हाला कमी पैशांत काढावे लागतील, कधी त्याहून जास्त. ३१ लाखांचा हप्ता थांबणार नाही. नोटिशीच्या सहा महिन्यांत वर्षभराचे हप्ते बाजूला काढा. नवी गाडी, नवा फ्लॅट, काही नाही. लॉस ऑफ लायसन्सचा (मेडिकलमुळे परवाना गेला तर भरपाई देणारा) विमा कंपनी देते का ते बघा, देत नसेल तर स्वतः घ्या. वैमानिकाची सगळी कमाई दर वर्षीच्या एका मेडिकलवर उभी असते, आणि तिशीतल्या माणसाला ते पटत नाही.

पत्नीशी बेसबद्दल आत्ताच बोला. नव्या माणसाला बेस मागून मिळत नाही. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू काहीही येऊ शकतं. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, तिथे विमानं वाढतील तशी माणसं लागतील, पण तुमचा नंबर लागायला काही वर्षं जातील. त्यांनी नोकरी सोडून यावं का? माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं नको. घरात एक पगार असा हवा जो विमान उडालं काय नि नाही उडालं काय, महिन्याला येतोच. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली, भल्याभल्या कॅप्टनना बिनपगारी रजा आणि पगारकपात सोसावी लागली, आखातातल्या श्रीमंत कंपन्यांनीही वैमानिक घरी पाठवले. त्या वर्षी ज्या घरात शिक्षिकेचा पगार होता ती घरं तरली. दूर राहणं सोपं नाही, हे मी जाणतो. त्याचा निर्णय तुम्ही दोघांनी बसून घ्या, त्यात सासर-माहेरचं मत नंतर.

शेवटी भावाचं. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच ओळीची.

तुमचे वडील वर्तमानपत्रात वाचत असतील की देशाला हजारो वैमानिक हवेत. ते खरंच आहे. आणि सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा पहिला परवाना) घेऊन दोन-तीन वर्षं घरी बसलेली मुलं आहेत, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कारण कमतरता कॅप्टनची आणि ट्रेनरची आहे, दोनशे तासांच्या मुलांची नाही. नव्या मुलाला घ्यायचं तर सिमचा स्लॉट लागतो, त्याच्या शेजारी बसायला महिनोन्महिने ट्रेनर कॅप्टन लागतो, आणि ट्रेनर तर मुळात कमी. त्यामुळे कंपनी वाढताना आधी दुसऱ्याचे तयार लोक उचलते आणि नव्यांचं दार अधूनमधून उघडते. २०२३ मध्ये डीजीसीएने सोळाशेहून जास्त सीपीएल दिली. तेवढ्या सगळ्यांना त्याच वर्षी सीट मिळाली असं झालं नाही. दार उघडलं त्या वर्षी परवाना हातात असलेला मुलगा आणि दार मिटल्यावर सहा महिन्यांनी परवाना मिळालेला तितकाच हुशार मुलगा, यांच्या ज्येष्ठतेत पुढे तीन-तीन वर्षांचं अंतर पडतं. यात त्या मुलाचा काहीही दोष नसतो, आणि असे आई-वडील भेटले की फार वाईट वाटतं.

म्हणून भावाला ‘नको’ म्हणू नका, पण प्लॉट आज विकू नका. आधी डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या, आणि मग लगेच क्लास वनही. डोळे, कान, हृदय, जे काही निघायचं ते फी भरण्याआधी निघू दे. मग बारावी, त्यातलं फिजिक्स आणि मॅथ्स नीट. त्यानंतर घरी किंवा पुण्यात राहून डीजीसीएचे पेपर: नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. याला लाखांत पैसे लागतात, कोटीत नाही. पेपर सुटले म्हणजे मुलाला हे झेपतंय आणि आवडतंय, दोन्ही कळतं. मगच फ्लाइंग स्कूल. महाराष्ट्रात बारामती, शिरपूर, धुळे, गोंदिया इथे प्रशिक्षण चालतं, उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इग्रुआ ही सरकारी वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे जाऊन आठवडाभर राहा. किती विमानं खरोखर उडतायत, किती हँगरमध्ये झाकून ठेवलीत, एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत, गेल्या वर्षी आलेल्या मुलांचे किती तास झालेत, हे मुलांनाच विचारा. ब्रोशरमधले अठरा महिने प्रत्यक्षात तीन वर्षं होतात ते याच गोष्टींमुळे. आणि संपूर्ण फी आगाऊ भरल्यास सवलत, असं कोणी म्हणालं तर सवलत सोडा. उडालेल्या तासांचे पैसे उडाल्यावर.

मोठ्या कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम महाग असतात, कोटीच्या घरात जातात, पण त्यात निवड आधी होते आणि नोकरीचा मार्ग ठरलेला असतो. तरीही तिथे नोकरीचं वचन अटींसह असतं, म्हणून तो करारही त्याच वकिलाकडे घेऊन जा.

घराचं एकूण कर्ज मात्र आधी कागदावर मांडा. तुमचे ३१ लाख फिटेपर्यंत, किंवा निदान तुम्ही ए-३२० वर लाइन रिलीज होऊन पूर्ण पगारावर येईपर्यंत, त्याच घरातून दुसरा मुलगा त्याच व्यवसायात उतरवणं मला धोक्याचं वाटतं. एकच मंदी आली तर दोन्ही भाऊ एकाच दिवशी जमिनीवर. तो आता सतरा-अठरा वर्षांचा आहे. मेडिकल, बारावी आणि पेपर यांत दोन वर्षं सहज जातील, तोवर तुमचंही चित्र स्पष्ट झालेलं असेल. त्या दोन वर्षांत त्याने एखादी पदवी सुरू ठेवली तर फारच छान, बी.एस्सी. असो की बी.कॉम.

वडिलांना हे पत्र वाचून दाखवा, आणि भावाच्या मेडिकलची अपॉइंटमेंट याच महिन्यात घ्या. साहेबांकडून कमांड कोर्सची तारीख लेखी आली, तर मला पुन्हा लिहा; तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलू.